देव्हाऱ्यातला बादशहा

वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या रिन्यूअलमध्ये अडकला होता. कंपनीचा माणूस रोज म्हणायचा, "इन्शाल्ला, टुमॉरो." कसलं डोंबलाचं टुमॉरो! तेराव्यालाही पोचलो नाही. थोरल्या भावाने रीतीप्रमाणे वडिलांचा टाक करून घेतला. आमच्यात गेलेलं माणूस चांदीच्या बोटभर पत्र्यावर ठसवून देवांत बसवतात, आणि तो टाक राहतो थोरल्याकडे. इथे आखातात, माझ्या अजमानच्या फ्लॅटमध्ये, वडिलांचा एकच फोटो, तोही तरुणपणातला. त्यात ते माझे वडील वाटायचेच नाहीत.

पुढे शारजाच्या जुन्या बाजारात एका सीरियन म्हाताऱ्याने मला चांदीचं रोमन नाणं दाखवलं. म्हणाला, बादशहा मेला की मुलगा त्याला देव ठरवायचा आणि त्याच्या नावाने नाणं पाडायचा. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला गरुड. अरे, हा तर टाकच की! घेतलं, आणि कपाटात ठेवलं. अल क्वोजच्या वेअरहाऊसमधली ड्युटी संपवून घरी आलो की काढून बघायचो. वडिलांची आठवण यायची, फार यायची, आणि बोलायचं कुणाशी?

आई व्हिजिट व्हिसावर आली तेव्हा आवराआवरीत ते तिच्या हाती लागलं.

"हा कुणाचा रे टाक?"

"टाक नाही गं, रोमन बादशहा आहे."

तिने ते खिडकीशी नेलं. बराच वेळ बघत राहिली. "नाक बघ. थेट ह्यांचं नाक."

मग चिंच लावून तिने ते खसाखसा घासलं. जुनं नाणं असं घासतात का! किंमत जाते त्याची! मी अडवायला गेलो. पण लखलखीत बादशहाला गंध लावून तिने देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी बसवलासुद्धा.

"आई, अगं परका माणूस तो!"

"असू दे. तिकडे थोरल्याकडे आहेत, इथे तुझ्याकडे नकोत?"



आई परत गेली. नाणं देव्हाऱ्यातच राहिलं, आणि आंघोळीनंतर मी त्याला गंध लावू लागलो. माझी मुलगी वडील गेल्यावर जन्मलेली; पुढे ती आणि तिची आई इथे राहायला आल्या. तिने आजोबांना पाहिलेलंच नाही. एकदा तिची मैत्रीण घरी आली आणि नाण्याकडे बोट दाखवून विचारू लागली, हे कोण?

"दॅट्स माय ग्रँडफादर," मुलगी म्हणाली. "ही लिव्हज विथ अस."

मी तिला खरं काय ते सांगणार होतो. नाही सांगितलं.