डाव्या खांद्यावरची सुई

शिंप्याच्या दुकानात सुईला एकच जागा असते. टेबलावर ठेवली तर ती कापडाबरोबर गुंडाळली जाते आणि गिऱ्हाइकाला बोचते. खाली पडली तर कुणाच्या तरी पायात जाते. म्हणून हातातली सुई मोकळी झाली की ती डाव्या खांद्याच्या शिवणीत टोचायची. काकूंना लग्नानंतर मास्तरांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, कोटांचे शिंपी. पुढे हातशिलाईत काकू त्यांच्याही पुढे गेल्या; पण दुकानावर नाव मास्तरांचे होते आणि काकूंना त्याचे काही वाटत नसे.

मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा सुरुवातीला दोघांनीही त्याकडे काणाडोळा केला. मग सुईत दोरा ओवणे गेले, मग काज करणे गेले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की हे वाढत जाईल. त्या दिवशी रक्त काढताना मास्तरांचा दंड स्थिर राहीना. काकूंनी तो धरून ठेवला. नर्स काम आटोपता आटोपता म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे हो. आमच्यात यायला हवं होतं तुम्ही."

बोलणारी विसरूनही गेली असेल. काकूंच्या मनात मात्र ते वाक्य घर करून बसले. दुकान फार वर्षे चालणार नव्हते. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर नुसते खिसे शिवण्याचे काम मिळाले असते; थोरल्या नणंदेने तेच सुचवले होते. नर्सिंगच्या शाळेला वयाची अट होती आणि त्या अटीत बसण्याचे काकूंचे ते शेवटचे वर्ष होते.

"या वयात दप्तर घेऊन जाणार तू?" नणंद म्हणाली. "लोक समजतील, मुलीला सोडायला आली."

"समजू देत, वन्सं. घंटा झाल्यावर मी आत राहिले की कळेल त्यांना."

"आणि आमच्या भावाचं कोण बघणार?"

"त्यांचंच बघायचं म्हणून शिकायचंय. पुढे सगळं मलाच करावं लागणार आहे. अंदाजपंचे करण्यापेक्षा नीट शिकून करीन. घरही चालेल."

मास्तर कापडावर खडूने रेघ ओढत होते. रेघ वाकडी गेली, ती त्यांनी अंगठ्याने पुसली. "जाऊ दे तिला," एवढेच ते बोलले.

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या बायकांना मावशी म्हणत, म्हणून वर्गातल्या मुलींनी बराच खल करून काकूंना ताई म्हणायचे ठरवले. हाडांची नावे काकूंच्या तोंडात बसत नसत. पण अंथरुणाची चादर त्या अशी ताणून बसवत की मुली त्यांच्याकडून शिकून घेत. संध्याकाळी घरी आल्या की त्या दुकानाच्या आतल्या खोलीत बसून कोटांची हातशिलाई करीत. मशीन मास्तर कसेबसे चालवत. गिऱ्हाइकांसमोर गळ्यात टेप घालून तेच उभे राहत, त्यामुळे बाहेर कुणाला काही कळले नव्हते.

इंजेक्शनची पहिली परीक्षा रबरी दंडावर होती. काकूंनी हात धुतले, औषधाचे नाव वाचले, सिरिंजमधली हवा काढली, सुई अलगद घातली आणि काढली. मग ती सुई त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर गणवेशात टोचली. सिरिंज तिथे लोंबत राहिली आणि काकू पुढच्या सूचनेची वाट पाहत शांत उभ्या राहिल्या. मुली हसल्या. शिकवणाऱ्या सिस्टर हसल्या नाहीत.

"वापरलेली सुई कुठे टाकायची?"

"जाड डब्यात. लगेच."

"मग ही कुठे आहे?"

काकूंनी खांद्याकडे पाहिले, सुई उपसली आणि डब्यात टाकली.

सिस्टरांनी नंतर त्यांना बाजूला घेतले. "खरा रोगी असता तर त्याचा आजार तुम्ही अंगावर घेतला असता. तुम्हाला माहीत नाही असं नाही, तुमच्या हाताला माहीत नाही. एकदाच फेरपरीक्षा मिळते. तोवर घरात सुई धरू नका."

"मशीन चालेल?"

"मशीनची सुई मशीनमध्येच राहते. हातातली बंद."

काकूंनी घरी येऊन तसे सांगितले. मास्तर लगेच म्हणाले, "अगं, मी आहे ना." त्यानंतर काकू रोज लाटण्यावर, पेनवर, टूथब्रशवर सराव करीत; हातातली वस्तू सोडायची ती सरळ खाली, डब्यात. हात हळूहळू ऐकू लागला होता.

फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी आल्या, तेव्हा मास्तर वकीलसाहेबांचा काळा कोट मांडीवर घेऊन बसले होते. कॉलरची शिलाई त्यांनी घातली होती, उसवली होती, पुन्हा घातली होती. कापड तिथे विरायला लागले होते. त्यांच्या बोटांना फडके गुंडाळलेले होते.

"दोन दिवसांनी या म्हणावं त्यांना."

"म्हटलं. उद्याच हवाय."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"कोटाची कॉलर? माझ्या दुकानातून?"

मास्तरांनी कॉलर उलटी करून दिव्याकडे धरली. "नाही तर असाच देतो," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते खरेच तसे देणार होते.

काकूंनी कोट घेतला. उसवलेले दोरे वेचले, विरलेल्या जागी आतून पट्टी लावली आणि टाके घालायला घेतले. मास्तर समोर बसून होते. त्यांनी थांब म्हटले नाही आणि बघवेना म्हणून उठूनही गेले नाहीत.

सकाळी परीक्षेत सगळे व्यवस्थित झाले. सुई दंडातून बाहेर आली आणि काकूंचा हात खांद्याकडे निघाला. निम्म्या वाटेवर त्यांच्या लक्षात आले. त्यांनी हात वळवला आणि सुई डब्यात टाकली. सिस्टर त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"टाकली मी, सिस्टर."

"टाकलीत. पण आधी कुठे नेलीत?" त्यांनी डब्याचे झाकण लावले. "मी पाहिलंच नाही असं म्हणू शकते. पण उद्या वॉर्डात तुमच्या शेजारी मी नसेन. घाई असेल, रोगी हलत असेल."

"पुढच्या वर्षी येऊ का पुन्हा?"

"पुढच्या वर्षी तुम्ही वयात बसत नाही, ताई." सिस्टरांनी त्यांना पहिल्यांदाच ताई म्हटले.

काकू दुकानात शिरल्या तेव्हा वकीलसाहेब आरशासमोर उभे होते. त्यांनी मान इकडून तिकडे वळवली, कॉलरवरून बोट फिरवले आणि समाधानाने हसले. "मास्तर, हात अजून तोच आहे बरं का तुमचा. लोक उगाच काही बोलत होते."

मास्तरांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी नकारार्थी मान किंचित हलवली. परीक्षा गेली, हे मास्तरांना कळले.

"धाकट्या भावालाही कोट शिवायचाय," वकीलसाहेब म्हणाले. "कापड आणून टाकू ना?"

मास्तरांचा हात टेबलाच्या कडेवर थरथरत होता. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हातात धरला.

"आणा," ते म्हणाले.

काकू चपला काढून आतल्या खोलीत गेल्या.