ओळंब्याखालचा त्रिकोण

अंबडच्या कारखान्यात काकांनी उभी हयात मालाच्या तपासणीत काढली आणि रिटायर झाल्यावर ते आमच्या मागे लागले. आमच्या म्हणजे पंचवटीतल्या बागेत सकाळी योगासनं करणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांच्या. बाकीचे येताना फक्त चटई आणतात, हे गवंड्याचा ओळंबाही आणतात. आपण त्रिकोणासनात बाजूला वाकून एक हात घोट्याला लावला आणि दुसरा आभाळाकडे ताणला, की हे वरच्या बोटाला दोरी टेकवून खाली लोंबणारं वजन निरखत बसतात. दोरी खालच्या हाताशी आली पाहिजे. "ताई, चार बोटं बाहेर. रिजेक्ट!" वर्षभर माझा निकाल हाच.

परवा त्यांनी ओळंबा माझ्याच हातात दिला. "आज माझं बघा."

ते वाकले. दोरी कुठल्या कुठे गेली, गुडघा तर चक्क दुमडलेला. मान लाल झाली होती, पोटऱ्या थरथरत होत्या. मला काही धीर झाला नाही. म्हटलं, "पास."

ते सावकाश सरळ झाले आणि ओळंबा काढून घेतला. "गुडघा वाकलाय हे मला कळतंय की, ताई. माणूस बघून पास करायचं नसतं."

काल माझी पाळी आली. त्यांनी दोरी धरली, ती चार बोटांहूनही जास्त बाहेर गेलेली बघितली, मग माझ्या लटपटत्या पायांकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "पास."

वर्षभर रिजेक्ट ऐकताना मी एवढी घाबरले नव्हते.