नावापुढची रिकामी जागा

अशोक गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, आपले गायकवाड गेले हो... सकाळीच." वाईट वाटायच्या आधी मला अशोकचा राग आला. महिना झाला, अजून उतरलेला नाही.

कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आम्ही दोघं एकत्र लागलो. कपाटाएवढं जुनं मशीन, त्यात सभासदांची नावं. आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे दोन-तीन शेतकरी सहज निघतात. म्हणून नावापुढच्या रिकाम्या जागेत ‘पुलाजवळचे’, ‘मळ्यातले’ असं टाकायची रीत अशोकने पाडली होती. नवं मशीन आलं, त्यात नावाचा रकाना आखूड. नावापुढचं शेपूट तुटणार आणि एका नावाची माणसं एकात एक मिसळणार, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. "एक हंगाम दोन्ही मशिनं शेजारी-शेजारी चालू द्या," म्हणाला. पण हंगाम सुरू करताना मोळी टाकायच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या हस्ते नव्या मशीनची ऊसतोडणीची यादी वाटायची होती ना! कार्यकारी संचालकांना फोटोची घाई. "गायकवाड, फाटे फोडू नका," एवढंच ते बोलले.

हंगाम संपत आला तेव्हा पुणतांब्याच्या एका शेतकऱ्याने वाळका ऊस आमच्या टेबलावर आपटला. "तुमचा कागद म्हन्तो, तोडून नेला. मंग माझ्या शेतात उभा हाय त्यो कुनाचा?" तोडला होता त्याच्या नावाच्या दुसऱ्याचा. असे बरेच निघाले. चौकशी बसली, आणि संचालकसाहेब अशोककडे बोट दाखवून मोकळे झाले. अशोक म्हणाला, "फायली मी हलवल्या, चूक माझी." दिला राजीनामा! अरे, भांडायचं होतंस. मी शेजारी उभा होतो की... तू गप्प बसलास आणि ते सुटले, हे मी तुला कधीच माफ करणार नाही.

शोकसभेत त्याच साहेबांनी त्याला ‘आपल्या संगणकयुगाचा शिल्पकार’ म्हटलं. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी उठून बाहेर आलो.

अशोक स्वतःही पुणतांब्याचा, थोड्याशा उसाचा सभासद. परवा त्याच्या नावापुढे ‘मयत’ अशी नोंद करायला मीच बसलो. ‘अशोक किसन गायकवाड’ टाकलं, तर मशीन पुढे सरकेना. राजीनामा दिल्यावर, कारखाना सोडण्याआधी, त्याने ‘वस्ती’ असा वेगळा रकाना बसवून ठेवला होता. तो भरल्याशिवाय काहीच हलत नाही. त्या नावाचा दुसरा सभासद त्याच गावात आहे, चांगला धडधाकट. मी ‘स्टेशनजवळचे’ असं टाइप केलं. मशीनने त्या दुसऱ्याला हात लावला नाही. नेमका माझाच अशोक मयत झाला.