फ्यूज कुठं आहे, दाखवा

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या मिस्तरीनं माझ्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. जीप मी चालवते, मागची गाडी मी ओढते, बिघाड काय आहे तो मी सांगत होते, आणि उत्तरं मात्र तो माझ्या नवऱ्याला देत होता. आज हे लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

आमचं शेडनेट आहे. पालक, मेथी, कोथिंबीर. जालन्याच्या हॉटेलांना ओला माल ताजा लागतो, म्हणून जीपच्या मागे ओढायला आम्ही एक बंद ट्रॉली करून घेतली. आतून जाड फोम, वर छोटं कूलिंगचं मशीन. अडचण एवढीच, की माल उतरवताना जीप बंद केली की ते मशीन जीपचीच बॅटरी पिऊन टाकायचं. मग भर बाजारात हमालांना हाका मारून धक्का मारायचा. म्हणून मशीनसाठी सीटमागे दुसरी बॅटरी बसवायचं ठरलं. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतील, आणि बंद झालं की मधली रिले दोघींना वेगळं करेल. जीप सुरू करायची बॅटरी शाबूत राहील.

लग्नाआधी मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आहे. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. त्यामुळे मी मिस्तरीला साधंच सांगितलं, "वायर जाड घ्या. दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज टाका. अन् इंजिनाकडून आत येते तिथं पत्र्याच्या भोकाले रबर बसवा, नाहीतर वायर घासते."

तो नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, वहिनीले सांगा, हे काही घरचं मिक्सर नाही."

आणि माझा नवरा हसला.

जीप घरी आल्यावर मी बॉनेट उघडलं. बारकी वायर, मध्ये टेप गुंडाळून मारलेला जोड, भोक उघडं, आणि फ्यूज कुठेच नाही. "ही गाडी मी नेणार नाही," मी म्हणाले.

"तू काऊन प्रत्येक कामात खोट काढून राह्यली? मिस्तरी हाये तो. रोज धा गाड्या करते." नवऱ्यानं ट्रॉलीचं दार लावलं. पालक तोडून भरलेला होता, आणि तोडलेला पालक कोणाचा रुसवा ऐकून घेत नाही. मी स्टिअरिंगवर बसले. सासूबाई, मी त्यांना मामी म्हणते, जालन्याला गुडघा दाखवायचा म्हणून शेजारी बसल्या.

दुसरबीड गाव मागे पडलं आणि आधी वास आला. वायरीचं प्लास्टिक जळल्याचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मग डॅशबोर्डच्या खालून धूर आला. मी जीप कडेला घेतली, मामींना ओढतच उतरवलं आणि किल्ली काढली. धूर थांबेना. थांबणार कसा? वायर पत्र्यावर घासून उघडी पडली होती, आणि माझ्या सीटमागची बॅटरी सगळा करंट त्या पत्र्यात ओतत होती. किल्लीचा तिच्याशी काही संबंधच नव्हता, आणि मध्ये करंट तोडायला फ्यूज नव्हता. पान्यानं तिचा नट सैल करून क्लॅम्प उपटला, तेव्हा वितळलेलं प्लास्टिक मनगटाला चिकटलं. एका ट्रकवाल्यानं थांबून दोन घमेली माती आत फेकली, म्हणून सीट वाचली.

मी रस्त्यावर उभी होते, हातात अजून पाना होता. मला कोणाला तरी मारायचं होतं.

मामींनी ट्रॉली उघडली, बारदाना अंथरला, दुखरा गुडघा लांब केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून हाका मारायला सुरुवात केली. "घ्या वं बाई, हॉटेलचा माल हाये!" नवरा दुसरी गाडी घेऊन पोचला तोवर अर्धा पालक विकला गेला होता.

तिथून आम्ही तिघं सरळ मिस्तरीच्या दुकानात गेलो. जळालेली वायर मी काउंटरवर टाकली. "फ्यूज कुठं आहे, दाखवा."

मिस्तरी नवऱ्याकडे वळला. "भाऊ, लोड जास्त टाकला असन तुमी."

नवऱ्याच्या आधी मामीच बोलल्या. "तिच्याशी बोल बे! गाडीत आमी दोघी व्हतो. हा घरी व्हता."

मग तो म्हणाला, आणा गाडी, पुन्हा करून देतो. मी म्हटलं, माझ्या गाडीला आता तुमचा हात लागायचा नाही.

सगळी वायर उपटून काम मी अंगणात स्वतः केलं. जाड तांब्याची केबल, टोकांना दाबून बसवलेली थिंबलची कडी, वरून नळी, भोकाला रबर, दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरात फ्यूज. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. मनगटावर पट्टी होती, त्यामुळे पाना नीट धरवत नव्हता, आणि तो निसटला की राग नव्यानं वर यायचा. नवरा केबल धरून उभा होता.

"मले वाटलं, मिस्तरी हाये, त्याले कळत असन," तो म्हणाला.

"अन् मले?"

त्यानं केबलचं टोक माझ्याकडे सरकवलं. मी ती ओढत राहिले.

जीप आता बिनघोर चालते. बाजारात तासभर बंद उभी राहिली तरी पहिल्या किल्लीला सुरू होते. परवा सुलतानपूरचा एक शेतकरी त्याची जीप घेऊन दारात आला. त्यालाही मागे ट्रॉली जोडायची होती. "मालक हायेत का?" त्यानं मला विचारलं. नवरा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "हिलेच सांगा काय ते. मले त्यातलं कळत नाही."

त्याबद्दल मी त्याचे आभार मानले नाहीत. जे खरं होतं, तेवढंच तो बोलला होता, आणि तेही माझं मनगट भाजून झाल्यावर. मी त्या शेतकऱ्याला बॉनेट उघडायला सांगितलं.