कानावरचा शेमला

शब्बीरभाई गेल्याची बातमी मला पेठगावाहून आली. "तुमचा शब्बीर गेला वो," एवढंच बबनराव फोनवर बोलले. बबनराव म्हणजे पेठगावच्या कबड्डी संघाचे जुने कप्तान, आमचे जन्माचे वैरी. शब्बीरभाईला तिथल्याच दवाखान्यात नेलं होतं, म्हणून त्यांना आधी कळलं. लेकाच्यांनी इथंही आम्हाला मागं टाकलं, हे माझ्या मनात पहिलं आलं. रडू त्यानंतर आलं.

आमचं गाव औंधच्या पलीकडं, माळावरचं. पेठगावाला कारखाना, बाजार, कॉलेज, सगळं. आमच्याकडे एक मैदान, तेही मेंढरांनी तुडवलेलं, आणि मेंढरं बहुतेक आमच्याच घरची. आमच्यातला कोणी जरा बरा खेळायला लागला, की पेठगाव त्याला कारखान्यात चिकटवायचं आणि पुढच्या जत्रेला तोच आमच्या अंगावर चढाईला यायचा. शब्बीरभाई आमचा कप्तान, धंदा बांगड्यांचा. ज्या हातानं तो पोरीबाळींना काच न तडकता बांगडी भरायचा, त्याच हातात एकदा घोटा सापडला की सुटत नसे. पेठगावानं त्यालाही बाजारपेठेत गाळा देऊ केला. तो म्हणाला, "गिऱ्हाईक तुमचं हाय, त्याला सलाम. पर माती हितली." तिथले प्रेक्षक "बांगड्या भरा" म्हणून ओरडायचे, तेव्हा हा गडी मध्यरेषेवर उभा राहून शांतपणे सांगायचा, "बाजारादिवशी घरच्यास्नी घिऊन या. मापात भरतो." आणि खरंच, त्या बायका त्याच्याकडेच यायच्या.

जत्रेच्या सामन्याची आमच्याकडे एक रीत आहे. हरलेल्या कप्तानानं जिंकलेल्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पेठगाव दरवर्षी जिंकायचं, त्यामुळे शब्बीरभाई दरवर्षी बांधायचा. बांधायचा तोही असा झोकात, की लग्नघरातून त्याला बोलावणी येऊ लागली. मी एकदा चिडून म्हणालो, "एवढा कशाला नटवतोस त्यास्नी?" तर म्हणे, "हरलो म्हून फेटा वाकडा बांधू व्हय?" पण त्या संध्याकाळी मैदानावरून परतताना तो हळूच म्हणाला होता, "एकदा माझ्या डोक्याला बांधाय पायजे रं त्येनी. एकदाच." बाकी त्यानं आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

केस पांढरे व्हायला लागल्यावर तो दिवस आला. शेवटची चढाई बबनरावांची. शब्बीरभाईनं घोटा धरला, आम्ही सगळे वर पडलो, धुरळ्यात बबनरावांचा हात रेषेकडे सरकत गेला. पंचाला काही दिसेना. तेव्हा बबनराव स्वतःच उठले, अंग झटकलं आणि म्हणाले, "न्हाई पोचलो." आम्ही जिंकलो होतो. पण जिंकल्यावर काय करायचं हे आमच्या गावाला ठाऊकच नव्हतं.

आणि फेटा बांधायचा कसा, हे पेठगावाला ठाऊक नव्हतं! पिढ्यान्‌पिढ्या नुसतं बांधून घेतलेलं. बबनराव घामाघूम झाले. कापड एकीकडे ढिलं, दुसरीकडे फुगलेलं, आणि पाठीवर यायचा शेमला उजव्या कानावर. शब्बीरभाई मान खाली घालून बसलेला. मला राहवेना. "आरं, सांग की त्यास्नी." तो पुटपुटला, "गप. बांधू दे. इतकी वर्सं वाट बघितली, आता घाई कसली?" त्याच अवतारात तो गावभर मिरवला. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

परवा चाळिसाव्याला गेलो. बबनरावही आले होते. दुकानात बांगड्यांच्या खोक्यांशेजारी, उपड्या पातेल्यावर तो फेटा तसाच बसवलेला. बबनराव त्याच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "भाभी, मी शिकलोय आता. नीट बांधून दिऊ का?"

भाभींनी पदरानं डोळे टिपले. "नको, भाऊ. त्येंनी मला बी कवा हात लावू दिला न्हाई. धूळ बसली तर लांबनं फुकायचे."

बबनराव पुढे झाले, वाकले आणि त्या फेट्यावर लांबूनच फुंकर घातली. शेमला जरासा हलला आणि परत कानावर येऊन बसला.