आप्पांच्या खिशातलं बूच

माझे जुने स्नेही आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या स्टँडवर अमळनेरच्या एसटीत बसलो होतो... त्यांनाच दवाखान्यात भेटायला निघालेला. आदल्या संध्याकाळी अंगणात जुन्या मोटारीचं इंजिन तपासताना त्यांच्या छातीत कळ आली, एवढंच कळलं होतं. गाडी सुटली आणि मी तसाच बसून राहिलो.

ती काळी मोटार आप्पांच्या वडिलांची. तिच्यावर त्यांचा जीव, आणि तेवढाच इंजिनाची हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजवर. इंजिन हवा ओढतं त्या नळकांड्याला एक भोक होतं. त्याचं पितळी बूच काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचं, तिथे गेजची नळी बसवायची आणि चालू इंजिनावर तबकडीतला काटा बघत बसायचं. काटा स्थिर, तर इंजिन ठणठणीत. ठेक्यात झटके देतो, तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला. सावकाश तरंगतो, तर कार्बोरेटरची तक्रार. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. ‘‘काटाले बोलू दे भो,’’ म्हणायचे. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच होती.

एवढे जाणकार, पण भाचीच्या लग्नाला धुळ्याला निघायच्या सकाळी काटा खालीच राहिला आणि व्हॉल्व्हच्या संशयाने या गृहस्थांनी नव्या कपड्यांनिशी इंजिनाचं हेड उतरवलं. व्हॉल्व्ह अगदी चकचकीत! शालू नेसून ताटकळलेल्या वहिनींनीच शेवटी गेजची रबरी नळी वाकवून तिची चीर दाखवली. ‘‘आयका, तुमनी नळीच फुटेल शे.’’ आम्ही एसटीने पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि मामाच बेपत्ता! ही फजिती पुढे आप्पाच सगळ्यांना रंगवून सांगत.

परवा महिन्याभराने त्यांच्याकडे गेलो, तर मुलाने मोटार भंगारात द्यायचं ठरवलेलं. ‘‘काका, इंजिन गेलंय. सुरू होतं, थरथरतं, बंद पडतं.’’ वहिनींचा चेहरा बघवत नव्हता.

त्या संध्याकाळी कुणीतरी काढून ठेवलेला गेज मी मागून घेतला. बॉनेट उचललं, तर ते भोक उघडंच! नळी बसवली, मुलाने इंजिन सुरू केलं... काटा वर चढला आणि जागच्या जागी थांबला. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. उघड्या भोकातून नको ती हवा आत शिरत होती, एवढंच.

मग बूच कुठे? वहिनी आत गेल्या. त्या संध्याकाळचा सदरा त्यांनी अजून धुतलेला नव्हता. त्याच्या खिशातलं बूच तळहातावर घेऊन त्या बाहेर आल्या, आणि मला रडू आवरेना.

मुलाने हात पुढे केला, तशी त्यांनी मूठ मिटली आणि दुसऱ्या हाताने गेज दाखवला. ‘‘हाई मनाजोडे ऱ्हाऊ दे. तठे ते मीटरच लागेल ऱ्हाऊ दे.’’

मुलाने मान डोलावली. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. इंजिन चालूच होतं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर वहिनींनी मिटलेल्या मुठीनेच मला थांबवलं.

‘‘भाऊ... काटाले बोलू द्या.’’