कापसानं टिपलेलं आभाळ

देवळीतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या माझ्या बाबांनी, सदाशिवरावांनी, रंगवलेल्या. मग फ्लेक्स आले आणि बाबांचे ब्रश डब्यात गेले. बासष्टाव्या वर्षी त्यांनी जलरंग धरले ते एकाच हट्टानं: वर्ध्याच्या प्रदर्शनात एक तरी चित्र आपल्या नावानं लागलंच पाहिजे!

प्रदर्शनाची अट एकच होती, पांढरा रंग वापरायचा नाही. ढग म्हणजे कोरा सोडलेला कागद. इथंच घोडं अडलं. पाटीवाल्याचा हात तो! आधी अख्खी पाटी रंगवायची, मग वर पांढरी अक्षरं काढायची, ही चाळीस वर्षांची सवय. शेवटचा दिवस, पाचच्या आत चित्र द्यायचं, घरात जाड कागद एकच उरलेला, आणि बाबांनी काय करावं? शेतावरचं आभाळ या कडेपासून त्या कडेपर्यंत निळंशार करून टाकलं!

"बाबा, ढग?" मी किंचाळलेच. "ढगाले जागा कुठं ठेवली?"

बाबांचा ब्रश हवेतच राहिला. "अरे बापा! गेलं पोरी सारं."

माझं डोकंच फिरलं. दहादा बजावलं होतं! आई तिथंच वाती वळत बसली होती. "ओलं हाय ना अजून? मंग टिपून घ्या. रडून काऊन राह्यले?" म्हणाली, आणि मांडीवरच्या कापसाचा बोळा तिनं सरळ आभाळावर दाबला.

"हात नको लावू!" बाबा ओरडले. उभ्या जन्मात त्यांनी आपल्या कामाला कुणाला हात लावू दिला नव्हता. पण आईनं बोळा उचलला आणि मी टाळीच वाजवली. निळ्यातून ढग वर आला होता, मऊ कडांचा, अगदी खराखुरा!

"अजून एक! वाळाच्या आधी! इथं दाब, तिकडं हलका!" आता बाबाच ओरडत होते. आईनं सात ढग काढले. मी नुसती नाचत होते.

कागद वाळल्यावर तिघांनी साडेतीनची एसटी धरली. वर्ध्यात टेबलामागच्या बाईंनी चित्र उजेडात धरलं, पांढरा रंग कुठं सापडतो का ते बारकाईनं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "घेतलं. फॉर्म भरा."

'चित्रकार' या शब्दापुढं बाबांनी सुबक अक्षरात लिहिलं, सदाशिवराव. जरा थांबले. मग पुढं लिहिलं, आणि प्रमिलाबाई.

आई लाजून लाल झाली. "अवो, खोडा ते! मले काय येते?"

"तुले ढग येते," बाबा म्हणाले.